सत्तावीस नंबर

गेल्या दिवाळीत आमच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. दहावी ब, मार्च १९९५, तीस वर्षं झाली म्हणून. सगळ्यांनी फोटो टाकले, मी एकपण टाकला नाही, आणि का टाकला नाहीस असं दोघातिघांनी विचारलं. तेव्हा काहीतरी थाप मारली. आता लिहितो.

ज्यांनी असलं गेट-टुगेदर केलंय त्यांना माहितीच आहे, सगळीकडं सेम असतं. आधी ग्रुप निघतो, मग ॲडमिनच्या अंगात येतं, मग वर्गणी (आमची दोन हजार, जीपेवर), एकसारखे टी-शर्ट, मुलींना फेटे, गेटवर फ्लेक्स, सरांना शाल-श्रीफळ, गेलेल्या मित्रांचे हार घातलेले फोटो, दुपारी तांबडा-पांढरा, आणि संध्याकाळी ज्यांना 'बसायचंय' त्यांची वेगळी गाडी. आमच्यात अजून एक खास आयटम ठरला होता. वर्गशिक्षकांनी जुन्या नंबरानं हजेरी घ्यायची आणि आपण आपापल्या बाकावरनं 'हजर सर' म्हणायचं. ड्रोन पण सांगितला होता. वर्गात ड्रोन कसा उडवणार हे कुणी विचारलं नाही.

फोन नंबर शोधायचं काम वाटून घेतलं, प्रत्येकी आठ-दहा जण. माझ्या वाट्याला सत्तावीस नंबर आला.

त्याचं नाव इथं लिहिणार नाही. तसं आम्ही त्याला नावानं कधी हाक मारलीच नव्हती. आम्ही त्याला 'कॅसेट' म्हणायचो, कारण तो बोलताना अडकायचा. सिनेमात दाखवतात तसं त-त-प-प नाही, अडकायचा म्हणजे आवाजच यायचा नाही, मान एका बाजूला जायची, डोळे घट्ट मिटायचे, आणि मग एकदम शब्द सुटायचा. सगळ्यात वाईट अडकायचा 'ह' वर. आता मराठी शाळेत रोज सकाळी प्रत्येक पोराला जो एक शब्द बोलावाच लागतो तो कुठल्या अक्षरानं सुरू होतो बघा.

हल्लीच्या पोरांना सांगायला लागेल, कॅसेटची फीत बाहेर आली की ती पेन्सिलनं गुंडाळायची असायची. नटराजची षटकोनी पेन्सिल त्या चाकात बरोब्बर बसायची. आठवीत एकदा हजेरीला तो अडकला आणि मी मागच्या बाकावरनं हात लांब करून त्याच्या कानापाशी पेन्सिल फिरवली. बोललो काहीच नाही, फक्त फिरवली. वर्ग हसून हसून आडवा झाला. तो वळून बघेपर्यंत माझा हात खाली आणि डोळे फळ्यावर. दुसऱ्या दिवशी चार-पाच पेन्सिली निघाल्या, आठवड्याभरात सव्वीस नंबर झाला की वर्गभर पेन्सिली तयार. मुली पण. ही गंमत दहावीच्या सेंड-ऑफपर्यंत चालली, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं.

वेळ पण काय भारी होती. मैदानावर प्रार्थना, मग प्रतिज्ञा, मग रांगेनं वर्गात, मग हजेरी. ती प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली, मराठीत ती प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली असते, आणि त्यात एक वाक्य आहे, 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन'. हे हात पुढं करून मोठ्यानं म्हणायचं आणि पाच मिनिटांनी पेन्सिल काढायची. कुणालाच काय वाटलं नाही. मलाही नाही.

नववीत एक दिवस त्यानं युक्ती केली. सरांनी 'सत्तावीस' म्हटलं आणि तो उभा राहून खणखणीत म्हणाला, "उपस्थित सर!" एका दमात, कुठं न अडकता. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, घरी किती वेळा घोकून आला असेल कुणास ठाऊक. दोन सेकंद वर्ग गप्प आणि मग जो काय हशा झाला. सर पण हसले. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अरे वा, संस्कृत पंडित! हजर म्हण, हजर." तो पुन्हा उभा राहिला. पेन्सिली निघाल्या. त्या दिवशी किती वेळ लागला त्याला ते मी सांगत नाही.

त्याच्या घरी मी एकदा गेलो होतो, भूगोलाची वही आणायला. त्याची आई सहाणेवर वेखंड उगाळत होती, मधात घालून त्याच्या जिभेला लावायला. मला चहा दिला आणि हळूच विचारलं, "वर्गात बोलतोय काय रं ह्यो?" मी म्हटलं, बोलतोय की काकी. जीभ जड असते म्हणून वेखंड लावायचं असं तेव्हा सगळेच मानायचे. खरं तर यात जिभेचा दोष नसतो, मेंदूत बोलण्याची जी जुळणी होते तिथला हा प्रकार आहे, घराण्यात असू शकतो, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, आणि मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाला. हे मी आता वाचलंय. तेव्हा वाचलं असतं तर पेन्सिल काढली नसती असं म्हणायला मला आवडलं असतं, पण काढलीच असती.

तर नंबर मिळाला. इचलकरंजीकडं त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. (हो, रिवाइंडिंग. माझ्या पण डोक्यात पहिलं तेच आलं आणि स्वतःचीच शिसारी आली.) फोन लावला, नाव सांगितलं. पलीकडं शांतता. अडकलाय का विचार करतोय ते कळेना. मग म्हणाला, "ओळखलं." मी घाबरल्यासारखं एका दमात सगळं सांगून टाकलं, तारीख, भाऊबीजेनंतरचा रविवार, सकाळी शाळेत, दुपारी पन्हाळा रोडला जेवण. त्यानं सगळं ऐकून एकच विचारलं, "प्रेझेंटी घेणार काय?"

नाय नाय, तसलं काय नाही, असं म्हणून मी ठेवला. ठेवल्यावर कळलं की तो 'प्रेझेंटी' म्हणाला. 'हजेरी' नाही म्हणाला.

माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या शाळेत मध्ये बुलिंगवर एक कार्यक्रम झाला, समुपदेशक मॅडम आल्या होत्या, पालकांना पण बसवलं होतं. नॉर्वेत १९८३ साली देशभरच्या शाळांत मोहीम सुरू झाली ती तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर, आणि त्यामागं डॅन ओल्व्हेउस म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, असं त्यांनी सांगितलं. मुद्दाम केलेलं, पुन्हापुन्हा केलेलं, आणि ज्याला उलट उत्तर देता येत नाही त्याला केलेलं, ते बुलिंग. मी मनातल्या मनात तिन्हीवर बरोबरची खूण केली. घरी येताना गाडीवर मागनं मुलीनं विचारलं, "पप्पा, तुमच्या वेळी असायचं का असलं?" मी म्हटलं, आमच्या वेळी असलं काय नव्हतं.

आणि एका अर्थानं खरंच नव्हतं, कारण शब्दच नव्हता. चिडवणं होतं, खोड काढणं होतं, खेचणं होतं, मस्करी होती, आणि सगळ्यांच्या वर एक मोठी चादर होती, 'गंमत'. कॉलेजातल्या त्रासाला निदान रॅगिंग म्हणायचे, त्याला महाराष्ट्रात १९९९ साली कायदा आला, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. शाळेतल्या मानसिक छळाचं नाव कायद्यात यायला शिक्षण हक्काचा कायदा यावा लागला, तो २०१० पासून लागू झाला. त्याच्या पंधरा वर्षं आधीच आमची गंमत करून झाली होती.

मी ग्रुपवर टाकलं, हजेरीचा आयटम नको, काहीजणांना अवघड होईल. धडाधड रिप्लाय. "अवघड काय त्यात भावा, मेन आयटम तोच हाय." "ड्रोनचा ॲडव्हान्स दिलाय." "कॅसेट येणार हाय काय???" आणि त्याच्याखाली हसून डोळ्यात पाणी आलेल्या तोंडांची रांग. मी लिहायला घेतलं की ती पेन्सिल पहिली मी काढली होती आणि मला त्याची लाज वाटते. लिहिलं, वाचलं, पुसलं. तेवढ्यात कुणीतरी सुविचाराचं गुड मॉर्निंग टाकलं आणि विषय वर सरकून गेला.

रात्री वर्गातल्या एकीचा पर्सनलवर मेसेज आला. ती आता डॉक्टर आहे, शाळेत उंच होती म्हणून तिला आम्ही 'शिडी' म्हणायचो. तिनं लिहिलं होतं, "बोललास ते बरं केलंस. मी अजून ग्रुप फोटोत मागं जाऊन गुडघे वाकवून उभी राहते." एवढंच. मी तिला काय उत्तर द्यायचं ते अर्धा तास बघत बसलो आणि शेवटी हात जोडलेला इमोजी पाठवला. किती फालतू माणूस आहे मी.

रविवारी शाळेत हजेरी झालीच. सर ऐंशीच्या घरात आलेत, काठी घेऊन आले, खुर्चीत बसून थरथरत्या आवाजात नंबर म्हणायला लागले आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. माणसं रडत होती. पंचवीस, हजर सर. सव्वीस, हजर सर. सत्तावीस.

कुणीच बोललं नाही. तो आलाच नव्हता. एक सेकंद, दोन सेकंद, आणि मागनं कुणीतरी ओरडलं, "कॅसेट अडकली!"

वर्ग फुटला. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांची माणसं, कुणी बँकेत मॅनेजर, कुणी सरपंच, एकीला तर नातू झालाय. आणि मीही हसलो. ठरवून नाही, तोंड आपोआप उघडलं आणि हसू बाहेर पडलं, मग मिटलं. पण हसलो. डॉक्टरीण माझ्याकडं बघत होती.

तो दीडच्या सुमारास थेट जेवणाला आला. मोटरसायकल लांब लावली, हेल्मेट काखेत. पोट सुटलंय, केस गेलेत, बाकी तोच. सगळ्यांना भेटला, बोलला, अडकत अडकत पण निवांत, समोरच्याला थांबायला लावून. मध्येच शब्द पुरवणाऱ्याला हातानं थांब म्हणत होता. ताट घेऊन तो कडेच्या टेबलावर बसला आणि मी त्याच्यासमोर जाऊन बसलो.

मी काय विचारलंच नव्हतं, तोच बोलत गेला. मामाचं गाव हातकणंगले. कोल्हापूरहून एसटीनं जाताना कंडक्टरला 'हातकणंगले' म्हणता यायचं नाही म्हणून जयसिंगपूरचं तिकीट काढायचा आणि अलीकडंच उतरायचा, दर वेळी जास्तीचे पैसे जायचे आणि आईला हिशेब देता यायचा नाही. तोंडी परीक्षेला उत्तर येत असून मान हलवून नाही म्हणायचा. मुलीच्या बारशाला भटजींनी कर्क रास काढली, अक्षरं ड आणि ह, सगळ्यांनी ह वरनं छान छान नावं काढली आणि हा हटून बसला. "बायकोला वाटलं मला रास-बीस पटत नाही. मला पोरीला हा... हाक मारता यायला पाहिजे होती."

मग त्यानं स्टेजकडं बघितलं. तिथं हार घातलेले तीन फोटो होते. त्यातला मधला माझा बाकावरचा पार्टनर. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत गेला.

"पेन्सिल त्यानं काढली ना पहिली," तो म्हणाला. "मी वळलो तेव्हा त्याच्यासमोरच होती. तो गेल्याचं कळलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. नंतर, वाईट वाटलं नाही याचं वाईट वाटलं."

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो. गप्प बसलो असतो तर विषय तिथंच मिटला असता, फोटोतला माणूस काय उठून सांगणार नव्हता. त्या क्षणाला गप्प बसावं असं मला वाटलं हे पण लिहितो.

"पेन्सिल माझी होती," मी म्हटलं. "तू वळलास तेव्हा मी ती त्याच्यापुढं सरकवली."

तो थांबला. अडकलाय का थांबलाय ते मला पुन्हा कळलं नाही. आजूबाजूला रस्सा वाढणारे फिरत होते, डीजेवाला माईक चेक करत होता, हॅलो हॅलो.

"म्हणजे तीस वर्षं मी चु... चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या."

"हो."

"आणि तू आता सांगतोयस. तो गेल्यावर."

माफ कर, मी म्हटलं. तो शब्द इतका हलका वाटला, जसं काय मीठ पलीकडं दे म्हणतोय. त्यानं हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. ताट संपवलं, हात धुतला, डॉक्टरणीशी थोडा वेळ बोलला आणि ग्रुप फोटोच्या आधी निघून गेला. म्हणून मी फोटो टाकले नाहीत.

मुलीला अजून काही सांगितलेलं नाही. हे ती वाचेलच.

आठेक दिवसांनी त्याचा मेसेज आला. त्याच्या घरचा पत्ता पाठव, वहिनींना भेटून येतो म्हणतोय. मी मित्राच्या घराचं लोकेशन पाठवलं आणि खाली लिहिलं, मी पण येऊ का?

निळ्या टिका आल्यात. उत्तर आलेलं नाही.