कॉन नावाचा फोल्डर

दुपारच्या सुस्तीत डेस्कटॉपवर नवा फोल्डर काढावा आणि त्याला इंग्रजीत सी-ओ-एन असं नाव द्यावं. विंडोज लगेच आडवी येते: हे डिव्हाइसचं नाव, चालणार नाही. जुन्या विंडोज एक्सपीवर तेवढंही सौजन्य नव्हतं. एंटर दाबलं की फोल्डर काही न बोलता पुन्हा 'न्यू फोल्डर' होऊन बसायचा.

सायबर कॅफेच्या काळात ज्यांचं ई-मेल खातं होतं त्यांना हे सांगायला नको, तो फॉरवर्ड कोणाला चुकला नव्हता. एका भारतीयाने म्हणे शोध लावलाय की या नावाचा फोल्डर जगात कोणालाच करता येत नाही, आणि मायक्रोसॉफ्टची अख्खी टीमही निरुत्तर झालीय. सोबत आणखी दोन चमत्कार असायचे. नोटपॅडमध्ये एक ठरावीक चार शब्दांचं इंग्रजी वाक्य सेव्ह करून पुन्हा उघडलं की चौकोन दिसायचे, आणि वर्डमध्ये 'रँड'पुढे कंसात २०० आणि ९९ टाकले की पानंच्या पानं भरायची. उत्तरं तिन्हींची होती. हा मजकूर युनिकोड (जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीची अक्षर साठवायची पद्धत) आहे का, याचा नोटपॅड नुसता अंदाज बांधायचं आणि छोट्या वाक्याला फसायचं. व्हिस्टात ते सुधारलं. रँड तर नमुन्याचा मजकूर भरायला मुद्दाम दिलेली सोय. पण उत्तर फॉरवर्ड करतो कोण?

कॉनचं उत्तर १९८१ सालचं आहे. विंडोजच्याही आधीची मायक्रोसॉफ्टची प्रणाली म्हणजे डॉस, तिच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर हा प्रकारच नव्हता. एक फ्लॉपी आणि तिच्यावर फायलींची एकच सपाट यादी. कीबोर्ड-स्क्रीन म्हणजे कॉन, प्रिंटर म्हणजे पीआरएन. ही नावं फाइलसारखीच वापरायची. छापायचंय? फाइल पीआरएनवर कॉपी करा. कॉम्प्युटर क्लासमध्ये डॉस शिकलेल्यांच्या बोटांना अजून आठवेल: कॉपी कॉन, पुढे फाइलचं नाव, मग मजकूर, शेवटी कंट्रोल-झेड आणि एंटर. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले आणि पेच पडला. प्रिंटरला एका फोल्डरात बसवावं, तर ज्यांना फोल्डर ठाऊकच नाहीत अशा जुन्या प्रोग्रामांना तो सापडणार कसा? म्हणून ठरलं की ही नावं सगळ्याच फोल्डरांत आहेत असं धरायचं, पुढे कुठलंही एक्स्टेन्शन, म्हणजे टिंबानंतरचं टीएक्सटीसारखं शेपूट, लागलं तरी. एयूएक्स, एनयूएल, कॉम १ ते ९, एलपीटी १ ते ९ अशी ती सगळी पलटण. ही वहिवाट आहे. शेताचा मालक बदलला, पीक बदललं, तरी बांधावरून जाणाऱ्याला अडवता येत नाही.

हट्टच असेल तर वाट आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये एमडी, म्हणजे फोल्डर करायची कमांड, लिहून पूर्ण पत्ता द्यायचा आणि त्याच्या आधी दोन बॅकस्लॅश, एक टिंब, पुन्हा एक बॅकस्लॅश. फोल्डर होतो. मग तो एक्सप्लोररमधून उडवता येत नाही. तोच उपसर्ग लावून आरडी, म्हणजे फोल्डर काढायची कमांड, द्यावी लागते. दुसऱ्याच्या मशीनवर हा उद्योग करू नये. आणि देवनागरीत 'कॉन' लिहिलंत तर विंडोजचं काहीच म्हणणं नसतं.

विंडोजमध्ये काय बदलावं याची यादी प्रत्येकाच्या खिशात असते. तिच्यातल्या निम्म्या तक्रारी अशाच कुणाच्या तरी जुन्या हक्कातून आलेल्या. फाइलच्या पूर्ण पत्त्यावरची २६० अक्षरांची मर्यादा घ्या. 'अंतिम' नावाचा फोल्डर, त्यात 'अंतिम सुधारित', त्यात 'अंतिम सुधारित २', आणि एके दिवशी फाइल कॉपी होईना. पत्ता फार लांब आहे म्हणे. हिशेब असा: ड्राइव्हचं अक्षर, कोलन आणि बॅकस्लॅश मिळून तीन, पुढे २५६, आणि पत्ता संपल्याची खूण म्हणून शेवटी न दिसणारं शून्य. देवनागरीत तर जागा आणखी लवकर संपते, कारण जोडाक्षर एक दिसलं तरी मोजलं जातं सुटं. 'ज्ञानेश्वर' डोळ्यांना चार अक्षरी, विंडोजच्या वहीत दहा: ज, हलन्त, ञ, काना, असं एकेक.

विंडोज १०च्या २०१६च्या आवृत्तीपासून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या कोठारात, 'लाँगपाथ्सएनेबल्ड'ला १ करून ही मर्यादा उठवता येते. फक्त, जो प्रोग्राम स्वतः तयार आहे त्याच्याचसाठी. आणि एक्सप्लोरर, जिथे आपण दिवसभर असतो, तो तयार नाही. तेव्हा झिप उघडायची तर थेट सी ड्राइव्हवर एका अक्षराच्या फोल्डरात उघडा. नाहीतर सबस्ट कमांडने त्या लांबलचक पत्त्याला एक्ससारखं ड्राइव्हचं अक्षर द्या. रीस्टार्टनंतर ते जातं, तोवर काम उरकायचं.

शिफ्ट पाच वेळा दाबलं की टुणकन येणारी स्टिकी कीजची खिडकी मात्र माझ्या यादीत नाही. ज्यांना दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी ती आहे. आपल्याला नको तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड, तिथला शॉर्टकट बंद करावा आणि पुढे जावं. डेस्कटॉपवरच्या रिफ्रेशबद्दल बोलायलाच नको. त्याने चिन्हं पुन्हा रंगवली जातात, रॅम वगैरे काही मोकळी होत नाही. पण ते काढून पाहा, आपल्याकडे मोर्चे निघतील.

राग यावा तो वहिवाट नसलेल्या गोष्टींचा. फायलींची एक्स्टेन्शनं दडवून ठेवणं हे विंडोज ९५पासून चालू आहे, आणि त्यामागे जुन्या प्रोग्रामांची कसलीही गरज नाही; नुसतं नीटनेटकं दिसावं म्हणून. मे २०००मध्ये 'आय लव्ह यू' हा व्हायरस जगभर पसरला, त्यात याचाही हातभार होता. फाइलच्या नावात टीएक्सटी दिसायचं, म्हणजे साधा मजकूर वाटायचा; खरं शेपूट व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्राम, ते झाकलेलं. लोकांनी प्रेमपत्र समजून डबल क्लिक केलं. नवं मशीन लावलं की पहिलं काम हेच करावं: एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेन्शन्स.

शट डाउनही तसंच. विंडोज आठपासून फास्ट स्टार्टअप आलं, तेव्हापासून शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे प्रोग्राम) डिस्कवर जसेच्या तसे लिहून ठेवले जातात. रोज रात्री बंद होणाऱ्या मशीनचा टास्क मॅनेजरमधला अपटाइम पाहा, आठवडाभराचा निघेल. म्हणून बिघडलेला प्रिंटर शट डाउनने सुधारत नाही आणि रीस्टार्टने सुधारतो. शिफ्ट धरून शट डाउन केलं तर ते खरं. आणि टास्कबार? ९५पासून तो चारही कडांना नेता यायचा. २०२१मध्ये विंडोज अकरा आली, तिने त्याला खाली खिळवला. तिथे कुणाचा जुना हक्क राखला? उलट होता तो काढून घेतला.

पण हे सगळं किरकोळ. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला, आणि अकराला लागते टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. चिपचं एक वेळ जमतं. टीपीएम डॉट एमएससी चालवून पाहावं; चिप नाही असं आलं तरी पुष्कळदा ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, नुसती बंद असते, इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीत एफटीपीएम या नावाने. प्रोसेसरचं जमत नाही. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, मागाहून घातलेली एसएसडी, एक्सेल आणि टॅली फटाफट उघडतंय, आणि तरी तो यादीत नाही. १९८१च्या प्रिंटरचं नाव आजही अडवून धरलंय, तो प्रिंटर भंगारात जाऊन किती वर्षं झाली कोण जाणे. आणि २०१७चं चालतं मशीन जुनं ठरलं. शाळांच्या लॅबमध्ये अशी मशीनं रांगेने आहेत. ती बदलायला पैसे कुठून येणार, हे कोणत्याच सेटिंगमध्ये सापडत नाही.