ठेकेदाराला हवी असलेली खरी बातमी

गडचिरोली जिल्ह्यात मी तालुका वार्ताहर आहे. मानधन चहापाण्यापुरतं, घर चालतं ते जाहिरातींच्या कमिशनवर. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही.

पूर्वी तेंदूपानाचा, म्हणजे बिडी वळायच्या पानाचा, लिलाव वनविभाग करायचा. ठेकेदार, पुढाऱ्यांची माणसं आणि आम्ही, सगळ्यांच्या चकरा एकाच कार्यालयात. 2014 साली राज्याचे पेसा नियम, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे नियम, आले आणि मग गावांसमोर दोन वाटा झाल्या. पर्याय 1 म्हणजे वनविभागानं विकायचं, पर्याय 2 म्हणजे ग्रामसभेनं स्वतः. पर्याय 2 घेतला की लिलावाची सूचना पेपरात द्यावी लागते. म्हणजे जिच्यावर मी नजर ठेवायची ती ग्रामसभाच माझी जाहिरातदार! तिचा सचिव मोटारसायकलवर येतो आणि कॉलम-सेंटिमीटरचा हिशेब माझ्यासमोर दोनदा तपासतो. असा चोख जाहिरातदार मला तालुक्यात दुसरा माहीत नाही.

एका वर्षी एका ग्रामसभेच्या पहिल्या लिलावाला कुणी फिरकलंच नाही. ठेकेदारांची आपसातली बोलणी गावाला कळत नव्हती असं नाही. फेरलिलावाची सूचना माझ्याकडे आली, आणि त्याच संध्याकाळी एका ठेकेदाराच्या माणसाचा फोन. "साहेब, गारपिटीनं पान फाटलंय. बातमी लावा ना." पाठोपाठ जिल्हा परिषदेच्या एका सदस्याचा. त्यांना गावाची भलतीच काळजी. ग्रामसभांना हे झेपत नाही, वनविभागाकडेच परत द्यावं, असंही बातमीत यावं म्हणे.

मी जंगलात जाऊन पाहिलं. एका बाजूचं पान खरंच छिद्राछिद्रांचं झालं होतं. आमच्याकडे 70 पानांचा एक पुडका आणि हजार पुडक्यांची एक गोणी. फाटकी पानं बाजूला काढत पुडके बांधायचे तर बाईचा अर्धा दिवस वाढतो, आणि मजुरी मिळते पुडक्यावर. हे सगळं लिहिलं. गारपीट एकाच बाजूला झाली आणि पहिल्या लिलावात एकही बोली आली नाही, हेही लिहिलं. सदस्यांचं मत वगळलं. पेपरच्या संपादकीय डेस्कनं शेवटचा परिच्छेद जागेअभावी कापला, आणि गारपिटीची मर्यादा व रिकामा लिलाव नेमका त्यातच होता. डेस्कवरच्या मंडळींनी तेंदूचं झाड पाहिलेलं नसतं. त्यांना 'तेंदूला गारांचा फटका' एवढं पुरतं. पान चारवर वर माझी बातमी, खाली त्याच गावाची फेरलिलाव सूचना.

लिलावाच्या दिवशी समाजमंदिरात ठेकेदारांची माणसं पेपर घडी घालून हातात धरून बसली होती. 2017 च्या जुलैपासून पानावर 18 टक्के जीएसटी, बिडीला उठाव नाही, आणि आता हे बघा, असं म्हणत एकानं माझी बातमी मोठ्यानं वाचली. मागून एक बाई उठली.

"पान खराब हाये, तं मंग तुमी एवढे जण आले कायले?"

सभा हसली. ठेकेदारही हसले. बोली तरीही गेल्या वर्षीच्या खालीच थांबली. ती बातमीमुळे, जीएसटीमुळे की आधीच ठरल्यामुळे, हे मी अजून सांगू शकत नाही. बातमीतलं एक अक्षर खोटं नव्हतं. फोन आला नसता तर मी त्या जंगलात त्या आठवड्यात गेलो असतो का, एवढंच डोक्यातून जात नाही.

ठेकेदाराच्या त्या माणसाचा नंतर आभाराचा फोन आला. सचिवही आला, जाहिरातीचं बिल चुकतं करायला. नोटा मोजून झाल्यावर म्हणाला, "पुढच्या साली सूचना दुसऱ्या पेपरात देऊ. बातमी तुमीच लिवा."