टेसेलचं अर्धं कोठार

नेदरलँड्सचं हे बेट. नकाशात टेक्सेल लिहिलेलं असतं, पण डच माणसं ‘टेसेल’ म्हणतात. समोरच्या डेन हेल्डर बंदरातून सायकलीसकट फेरीबोटीत चढले आणि वीसेक मिनिटांत बेटावर. गावं सातच, चढ जवळपास नाहीतच. एका दिवसात सगळं होईल, असा माझा हिशेब.

सकाळी सायकल नुसती पळत होती. डेन होर्नचं पांढऱ्या मनोऱ्याचं चर्च मागे पडलं, डेन बुर्गमध्ये कॉफी झाली. वाटेत कुरणांत विचित्र कोठारं दिसायची: एका बाजूने छप्पर उतरत जमिनीकडे आलेलं, दुसरी बाजू सरळ कापलेली. मधोमध चिरून अर्धं घर कुणीतरी नेलंय असं वाटावं. फोटो काढला नि पुढे निघाले.

आउडेस्खिल्ट हे बंदर. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं पूर्वेकडे निघण्याआधी याच किनाऱ्यासमोर नांगर टाकून वाऱ्याची वाट बघत, कधी कधी आठवडेच्या आठवडे. पिण्याचं पाणी जवळच्याच विहिरींचं. त्यात लोह असल्याने ते प्रवासात टिकायचं म्हणे. विक्रीचे पैसे डेन बुर्गच्या अनाथाश्रमाला जात.

ओस्टरेंडला मी थांबलेच नाही, इतका वेग होता. उत्तर टोकाचं लाल दीपगृह १८६४ सालचं. एप्रिल १९४५ मध्ये बेटावरच्या जर्मन सैन्यात भरती केलेल्या, सोव्हिएत संघातल्या जॉर्जियाच्या सैनिकांनी बंड केलं. नेदरलँड्समधल्या जर्मनांनी ५ मेला शरणागती पत्करली, तरी इथली लढाई २० मेपर्यंत चालूच राहिली. त्यात दीपगृहाची चाळण झाली. नंतर बाहेरून नवी भिंत चढवली. जिना चढताना दोन भिंतींच्या मध्ये जुन्या विटांवरची गोळ्यांची भोकं दिसतात. मी तिथे बराच वेळ उभी होते.

परत फिरले आणि सकाळच्या वेगाचं श्रेय कुणाचं होतं ते कळलं. नैर्ऋत्येचा वारा थेट छातीवर! सपाट रस्त्यावर सगळ्यात हलका गिअर, तरी सायकल हलेना. शेवटी त्या अर्ध्या कोठारांपैकी एकाच्या सरळ भिंतीमागे जाऊन बसले. उतरतं छप्पर वाऱ्याकडे केलेलं, या बाजूला वाऱ्याची झुळूकही नाही. कुंपणापलीकडे मेंढ्याही तिथेच टेकल्या होत्या. त्यांना हे आधीपासून ठाऊक.

दे वाल आणि दे कोख राहिलीच. धक्क्यावर तिकीट शोधत खिसे चाचपत होते, पण कुणी मागितलंच नाही. डेन हेल्डरला घेतात ते जाऊन-येऊनचंच.