मागचे स्पीकर खाली उतरवले: गच्चीवरच्या खोलीतला ५.१ चा अपडेट

माझा सेट ५.१ चा, म्हणजे भोवती पाच स्पीकर आणि खालच्या जाड आवाजाला एक सबवूफर, त्यातले मागचे दोन्ही स्पीकर शेवटी भिंतीवरून खाली उतरवले. पिक्चरसाठी ते साडेसहा फुटांवर टांगलेले होते आणि पिक्चरला तसं चालतंय, पाऊस नाहीतर गर्दीचा गलका मागून कुठूनतरी आला की काम झालं. म्युझिकच्या मल्टिचॅनल रेकॉर्डिंगमधे (प्रत्येक स्पीकरला वेगळा आवाज असतो ते) मात्र मागच्या चॅनलला पूर्ण गिटार असू शकते, कोरसचा अर्धा गट असू शकतो, आणि तो गट डोक्याच्या वरून गायला लागला की सगळं चित्र वाकडं होतंय. माझं मत आता पक्कं झालंय, गाणं ऐकायचं असेल तर मागचे स्पीकर पुढच्यांच्या बरोबरीचेच पाहिजेत, जमलं तर तेच मॉडेल, कानाच्या उंचीला आणि तेवढ्याच अंतरावर. रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) बदलून जेवढा फरक पडला नव्हता तेवढा ह्यानं पडला.

सेटअप थोडक्यात सांगतो. लातूरला घर, खोली गच्चीवरची, १४ बाय ११, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. रिसीव्हर सेकंडहँड, हैदराबादच्या कोटी बाजारातून आणलेला. चार एकसारखे बुकशेल्फ (छोटे) स्पीकर, सेंटर त्याच कंपनीचा, एक सबवूफर.

मांडणी आयटीयूच्या (दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय संघटना) बीएस ७७५ ह्या शिफारशीप्रमाणं केली. सेंटर समोर शून्य अंशावर, पुढचे दोन दोन्हीकडं ३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांच्या मधे, आणि सगळे एकाच वर्तुळावर. ११ फूट रुंदीत ५ फुटांपेक्षा मोठी त्रिज्या बसत नाही. पुतण्यानं बसायच्या जागी सुतळीचं टोक धरलं, दुसऱ्या टोकाला खडू बांधून मी फरशीवर रिंगण काढलं, तेवढ्यात आई वर आली अन् म्हणली, "कशाची पूजा मांडलीस रे बाळा?" ५ फुटाच्या रिंगणाचा हिशोब कोणाला लागला तर घ्या: पुढच्या दोघांमधे ५ फूट, म्हणजे ते दोघं आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण, आणि मागच्यांना ११० अंश धरले तर बसायच्या जागेपासून सरळ बाजूला ४ फूट ८ इंच जायचं आणि तिथून मागं १ फूट साडेआठ इंच, कोनमापक वगैरे काही लागत नाही, सुताराचा गुण्या अन् टेप बस झाला. मागचे मागचे म्हणतो आपण पण खरं बघितलं तर ते कानाच्या बाजूला जरासे मागं येतात, पाठीमागच्या भिंतीला चिकटून नाही.

सेंटर वर्तुळावर ठेवायचा तर तो पुढच्या दोघांच्या रेषेपेक्षा ८ इंच मागं सरकतो. तिथं माझा रॅक आणि वायरींचा पसारा आहे, म्हणून तो रेषेतच ठेवला आणि रिसीव्हरमधे खरं अंतर टाकलं. डिस्टन्सचं सेटिंग म्हणजे शेवटी डीलेच, आवाजाला एक फूट जायला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतात, मग जवळच्या स्पीकरला रिसीव्हर तेवढं थांबवून धरतो. हे करायचं कशाला तर दोन स्पीकरमधून एकच आवाज आला तर जो आधी पोचला तिकडूनच सगळं आलं असं कानाला वाटतं, हास इफेक्ट म्हणतात तो हाच. बोलण्याच्या डायलॉगला एवढं कळत नाही पण समोरून मागं पसरलेल्या कोरसला लगेच कळतंय.

स्टँड वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाईपचे बनवून घेतले आणि आत वाळू भरली, रिकामा पाईप टणटण वाजतो. बाजारातले रेडिमेड मला उंच पडतात कारण मी गादीवर लोडाला टेकून ऐकतो, कान फरशीपासून अडीच फुटांवर येतात. खुर्चीवर बसणाऱ्यांनी आपलं आपलं मोजावं.

आता बास, म्हणजे खालचे जाड सूर, जिथं सगळ्यात जास्त वेळ गेला. १४ फूट लांबीच्या खोलीत पहिला मोड (समोरासमोरच्या भिंतींमधे लाट अडकून कुठं फुगते, कुठं गायब होते तो सूर) ४० हर्ट्झच्या आसपास येतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तो जवळजवळ गायब असतो. माझं रिंगण आधी मध्यावरच येत होतं, डबल बेसचे काही सूर नुसते पुसल्यासारखे. मग अख्खं रिंगणच एक फूट मागं सरकवलं, खडू पुसून परत सगळं मोजलं, आणि ते सूर आले. रुंदीचा मोड ५१ हर्ट्झला, तिथं मात्र सरकायला जागा नाही कारण डावं उजवं सारखं ठेवायचं तर मधोमध बसावंच लागतं. त्याला उपाय म्हणजे सबवूफर कोपऱ्यातून काढून समोरच्या भिंतीच्या मध्यावर आणला, मध्यावरचा सब रुंदीचा तो मोड उठवतच नाही, मग खड्डाही पडत नाही. कोपऱ्यात जो धमधम आवाज होता तो कमी झाला म्हणून पुतण्या नाराज आहे, पण तबल्याचा बायाँ आता बायाँसारखा वाजायलाय.

ऑटो कॅलिब्रेशन (रिसीव्हर माइकनं स्पीकर आपोआप मोजतो ते) रात्री पंखा आणि कूलर बंद करून केलं, घामानं भिजलो पण कूलरच्या आवाजात माइक काय मोजणार. त्यानं पुढच्यांना लार्ज ठरवलं होतं, मी पाचही स्मॉल करून ८० हर्ट्झला क्रॉसओव्हर ठेवला, म्हणजे त्याच्या खालचं सगळं सबवूफरकडं.

फरशी आणि उघड्या भिंतींचं काय करायचं हा प्रश्न होताच, टाळी वाजवली की टर्रर्र असा आवाज यायचा. आजीच्या दोन जाड वाकळी फरशीवर पुढच्या स्पीकरच्या अन् माझ्या मधे टाकल्या, बाजूच्या भिंतींना सुताराकडून ४ इंच जाडीच्या चौकटी करून त्यात पिंजलेला कापूस भरला, वर सुती कापड. आपल्याकडं कापूस मिळायला काही अडचण नाही. टर्रर्र गेला. पण ह्यानं बास सुधरतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ५० हर्ट्झची लाट बावीस तेवीस फूट लांब असते, तिला ४ इंच कापूस म्हणजे काहीच नाही. आणि कापूस ॲम्प्लिफायरच्या गरम बाजूला लावू नका, हे वेगळं सांगायला नको.

आता ऐकलं काय ते.

सराउंड म्युझिकमधे मिक्स करणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एकात तुम्ही मांडवात समोर बसून कीर्तन ऐकायलात, कीर्तनकार आणि टाळकरी पुढंच, मागून फक्त मांडवाचा घुमारा. दुसऱ्यात तुम्ही दिंडीच्या मधे चालायलात, टाळ दोन्हीकडून, मृदंग मागं, वीणा बाजूला. दोन्ही खरंच आहेत, पण मांडणीतली चूक दुसऱ्या पंथात लगेच उघडी पडते.

पहिल्या पंथातलं म्हणजे पेंटाटोनच्या आरक्यूआर मालिकेतल्या एसएसीडी (सीडीसारखीच, पण मल्टिचॅनल मावणारी डिस्क). फिलिप्सनं १९७० च्या दशकात ऑर्केस्ट्रा चार चॅनलवर रेकॉर्ड केले होते पण तेव्हा ते बहुतेक स्टिरिओतच बाहेर आले, मग फिलिप्समधूनच निघालेल्या लोकांच्या ह्या कंपनीनं ते चारी चॅनल काढले. ह्यात सेंटर आणि सबचं चॅनल रिकामं असतं, सेंटर गप्प दिसला म्हणून वायर उपसत बसू नका. मागचे वाजायलेत हे कळत पण नाही, रिमोटनं बंद केले की हॉलच नाहीसा होतो आणि परत आपल्या ११ फुटी खोलीत येऊन पडतो.

दुसऱ्या पंथात नॉर्वेची टूएल ही रेकॉर्ड कंपनी. तिथला मॉर्टेन लिंडबर्ग चर्चमधे मधोमध माइक उभे करून वादकांना त्यांच्याभोवती गोल बसवतो. स्पीकर उतरवायच्या आधी ते ऐकलं होतं तेव्हा मागची व्हायोलिनं वर लटकल्यासारखी वाटायची, आता ती बसलीत, आणि डाव्या खांद्याच्या मागं चेलोवाला धनू ओढायलाय हे बोट दाखवून सांगता येतं.

पिंक फ्लॉइडच्या डार्क साइड ऑफ द मून ह्या अल्बमची २००३ ची एसएसीडी, जेम्स गथ्रीचा ५.१ मिक्स, ही तर सगळेच लावतात. त्यातल्या घड्याळांची गंमत अशी की अल्बमचा इंजिनिअर ॲलन पार्सन्सनं ती मुळात क्वाड्रफोनिक (चार चॅनलचा आवाज) दाखवायला म्हणूनच रेकॉर्ड केली होती. पाची स्पीकरची लेव्हल सारखी आहे का बघायला मला तरी ह्यापेक्षा सोपी टेस्ट नाही, एखादं घड्याळ बाकीच्यांवर ओरडलं की समजून घ्यायचं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, एसएसीडीचं मल्टिचॅनल ऑप्टिकल वायरनं जातच नाही, एचडीएमआय नाहीतर मल्टिचॅनल ॲनालॉगच्या वायरी पाहिजेत. माझा रिसीव्हर डीएसडी (एसएसीडीवरचं मूळ डिजिटल रूप) थेट घेतला की अंतर आणि क्रॉसओव्हर दोन्ही सोडून देतो, म्हणून प्लेअरलाच त्याचं पीसीएम (साध्या सीडीसारखं डिजिटल रूप) करायला लावलंय. शुद्धतावाल्यांनी शिव्या द्याव्यात, एवढं मोजून मांडलेलं रिंगण मी डीएसडीपायी वाया घालणार नाही.

स्ट्रीमिंगचं ॲटमॉस (डॉल्बीचा, वरच्या स्पीकरचाही विचार करणारा सराउंड) पण ऐकतो. ॲपल म्युझिकवर ते जून २०२१ पासून आहे, ७६८ केबीपीएसचं डॉल्बी डिजिटल प्लस असतं, म्हणजे आवाज दाबून छोटा केलेला, ब्लू-रेवरचं ट्रूएचडी लॉसलेस, म्हणजे काही न गमावलेलं, दोन्ही एकच मिक्स असले तरी झांजेत फरक कळतो. हिंदी पिक्चरची नवीन गाणी भरपूर येतात, पण जुन्या गाण्यांचे नवे मिक्स मला पटत नाहीत, मागं निसता रिव्हर्ब (घुमारा) ओततात आणि बाईचा आवाज पातळ करून ठेवतात. आपल्या शास्त्रीय संगीतात खऱ्या सराउंडनं केलेलं अजून मनासारखं काही हाती लागलं नाही. तानपुरे मागं दोन्ही बाजूंना ठेवून कोणी बैठक रेकॉर्ड केली असेल तर मला नक्की सांगा.

लाईटचं इकडं तुम्हाला माहीतच आहे. जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा होता, लाईट गेली की पाची स्पीकरमधून घूंऽऽ, आता साइन वेव्हचा घेतलाय, गुणगुण गेली. स्टॅबिलायझर वेगळा आहेच.

पुढचं काम दुसऱ्या सबवूफरचं, मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवून लांबीचा ४० हर्ट्झवाला मोड पण दाबता येतो का बघायचंय. सोयाबीनचा भाव बघून ठरवीन. वरचे हाइट स्पीकर सध्या नकोत, स्लॅबला भोकं पाडायला बाबा तयार नाहीत.