रोखे 1875 लाच का जळले?

आठवीच्या इतिहासात दख्खनचे दंगे थोडक्यात आटोपतात. सावकार पिळत होते म्हणून शेतकरी उठले, एवढं लिहिलं की गुण मिळतात आणि कुणाला डोकं चालवावं लागत नाही. यंदा मी हाच भाग जोडतासिकेला, म्हणजे 35 मिनिटांच्या दोन तासिका सलग घेऊन, कोडं म्हणून वर्गापुढे ठेवला. फळ्यावर एकच प्रश्न होता : सावकार गावात पिढ्यान्‌पिढ्या होते, मग त्यांचे रोखे, म्हणजे कर्जाचे लेखी कागद, 1875 लाच का जाळले?

प्रश्नातलं ‘1875 लाच’ मुद्दाम घातलेलं. नुसतं ‘का’ विचारलं की मुलं दोषी कोण ते शोधतात. ‘तेव्हाच का’ विचारलं की बदल शोधावा लागतो : आधी काय नव्हतं, जे मधल्या काळात आलं?

तयारी पाच कार्डांची. एका कार्डावर साठेक शब्द, ठळक टाइप, खाली रोखा, सारा (जमिनीवरचा सरकारी कर), फेरआकारणी (तो कर नव्याने ठरवणं) या शब्दांचे अर्थ. सहा-सहा मुलांचे गट आणि प्रत्येक गटाला तीन रकान्यांचा एक ताव : ‘कागद काय सांगतो’, ‘त्यावरून आम्ही काय म्हणतो’, ‘अजून काय कळायला हवं’. पहिला आणि दुसरा रकाना वेगळे ठेवण्यातच खरं शिक्षण आहे. मुलं दोन्हीकडे तेच वाक्य लिहितात. ते दिसलं की मी विचारते, “हे कार्डावर आहे की तुझ्या डोक्यात?” कार्ड हाती देण्याआधी प्रत्येकाने आपापला अंदाज वहीत लिहायचा, बोलायचं नाही. ही पाच मिनिटं वाचवायला गेलं की गटातला मोठ्या आवाजाचा मुलगा सांगेल तेच सगळ्यांचं मत होतं.

पहिल्या कार्डावर घटना : 12 मे 1875, पुणे जिल्ह्यातलं सुपे. बाजाराच्या गावी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे मागितले, जाळले, धान्याची दुकानं लुटली. पुढे हे लोण नगर जिल्ह्यातही गेलं. दुसऱ्या कार्डावर सरकारी चौकशी आयोगाचं निरीक्षण : जमावाला कागद हवे होते, ते निमूट दिले तर सहसा पुढे काही होत नसे.

इथेच एका गटातून आलं, “बाहेरून आलेले सावकार होते, ती माणसंच तसली.” त्यातले बरेच सावकार मारवाडी-गुजराती होते, हे मुलांनी घरी ऐकलेलं असतं आणि त्या समाजाचं मूल वर्गात बसलेलं असू शकतं. अशा वेळी गप्प बसणं चूक आणि रागावून विषय बंद करणंही चूक. मी त्या गटाला फळ्यावरच्या प्रश्नाकडे परत पाठवलं : “माणसं तीच होती, तर 1855 ला का नाही?” गट थांबला. थोड्या वेळाने त्यांनी दुसऱ्या रकान्यातलं वाक्य स्वतःच खोडलं.

तिसरं कार्ड 1859 च्या मुदतीच्या कायद्याचं. रोखा तीनच वर्षं ग्राह्य, म्हणजे व्याज साचत जाऊ नये. सावकाराने वाट काढली : दर तीन वर्षांनी नवा रोखा, त्यात जुनं मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून नवं मुद्दल. इथे मी वर्गाला गणित करायला लावलं. 100 रुपये, वर्षाला 25 टक्के सरळव्याज (दर आम्ही हिशेबापुरता धरलेला). एकच रोखा नऊ वर्षं चालला तर देणं 325. दर तीन वर्षांनी रोखा बदलला तर 175, मग 306 रुपये 25 पैसे, मग जवळपास 536. शेतकऱ्याच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याने देणं दोनशेहून अधिक रुपयांनी वाढलं. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “बाई, हे तर नवं-जुनं केलं!” मार्चअखेरीला गावच्या पतपुरवठा सोसायटीचं कर्ज नवं-जुनं होताना, म्हणजे जुनं कागदोपत्री फिटून त्याजागी नवं चढताना, तिने घरी पाहिलेलं. मग कुठे सारखं आणि कुठे वेगळं, यावर वर्गात पाच-सात मिनिटं चांगलीच जुंपली. घड्याळ पाहून मी ती तोडली नाही.

चौथ्या कार्डावर दोन नोंदी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865, इंग्लंडला हिंदुस्थानचा कापूस हवा होता, म्हणून मुंबईकडून शहरी सावकारांकडे आणि तिथून गावाकडे पैसा सहज येत होता. युद्ध संपल्यावर तो आटला. त्याच सुमाराला 30 वर्षांनी फेरआकारणी होऊन सारा 50 ते 100 टक्क्यांनी वाढला. एका मुलाने विचारलं, “पण सुप्याकडं ज्वारी-बाजरी पिकते, कापूस कुठला?” त्या दिवसाचा सर्वांत चांगला प्रश्न हाच. कापसाला किती वजन द्यायचं यावर इतिहासकारांतही मतभेद आहेत. मी उत्तर दिलं नाही, प्रश्न तिसऱ्या रकान्यात लिहायला सांगितला.

पाचवं कार्ड नेहमी शेवटी. आयोगाचा अहवाल 1878 मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. त्याचा निष्कर्ष असा की शेतकऱ्यांच्या रागाचं कारण सरकारी सारा नव्हे, सावकार. हे कार्ड आधी दिलं तर मुलं तेच उत्तर म्हणून उतरवतात. शेवटी दिल्यावर दोन गटांनी एकदमच विचारलं, “आयोग नेमला कुणी?” इथे दुसरा धोका सुरू होतो. सरकारने नेमला म्हणजे सगळा अहवाल खोटा, असं म्हणून मुलं मोकळी होतात. मग मी दाखवलं की सारा, भाव आणि व्याजदर यांचे आकडे याच आयोगाने गोळा केलेत, रयत आणि सावकार दोघांचे जबाबही घेतलेत. निष्कर्षावर शंका घ्या, आकडे वापरा. दोन्ही एकाच वहीत चालतं.

शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाने पाच ओळींचं उत्तर लिहिलं आणि खाली एक ओळ : कोणता कागद मिळाला तर माझं मत बदलेल? “1855 चा एखादा रोखा,” “लुटलेल्या सावकाराचा जबाब,” “सुप्याचा सारा किती होता त्याची नोंद,” अशी उत्तरं आली. दहापैकी चार गुण पुराव्याला, तीन पुरावा आणि मत जोडणाऱ्या वाक्याला, तीन या शेवटच्या ओळीला. कारण कोणतं निवडलं, त्याला गुण नाहीत.