शीग

द्या म्हणजे तुम्हांलाही मिळेल, आणि मिळेल ते दाबून, हलवून, शीग लावून पदरात पडेल, असं येशू सांगतो (बायबल, लूक ६:३८). मूळ ग्रीक शब्द 'कोल्पोस', म्हणजे अंगरखा कमरेशी आवळल्यावर छातीशी होणारा घोळ. 'पदर' तिथे चपखल बसला, आणि 'शीग', म्हणजे भरल्या मापाच्या काठावर चढणारी रास, तर मापाची भाषा जाणणाऱ्याचीच.

चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली. धान्य नुसतं ओतलं की दाण्यांमध्ये पोकळी राहते. पायली दोनदा आपटली की भरलेलं माप बोटभर खाली बसतं. मग पुन्हा भरायचं, दाबायचं आणि वर शीग. ज्वारी गोल, घरंगळते, तिची शीग बुटकी. तांदळाची उभी राहते. देणाऱ्याचा हात आखडता असेल तर माप हलवलंच जात नाही, शिवाय अंगठा आत असतो. बाहेरून पायली भरलेलीच दिसते.

आता पायली गेली, काटा आला. पुण्यात पंचहौदच्या चर्चमधून उपासना आटोपून चालत मंडईत येणाऱ्याने टोपली ठेवण्याआधी काट्यावर शून्य आहे का, ते जरूर पाहावं. त्यात अविश्वास नाही. खऱ्या तराजूची आज्ञा बायबलमधल्या लेवीयच्या १९व्या अध्यायात आहे (३५-३६). शेजाऱ्यावर प्रीती करा, हेही त्याच अध्यायात (१८). मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवू नका, हेसुद्धा (१३). घरकामाच्या मावशींचा पगार 'सुट्टे नाहीत' म्हणून दोन दिवस लांबतो, तेव्हा मोडतो तो हाच अध्याय.

आणि गिऱ्हाईक? नीतिसूत्रे २०:१४ जणू आपल्या पेठांसाठीच लिहिलंय: घेणारा 'वाईट, वाईट' म्हणतो आणि तिथून निघाला की बढाई मारतो. जुडी उलटीपालटी करायची, 'पार सुकलीय हो' म्हणायचं, पाच रुपये तोडायचे आणि घरी आल्यावर 'काय ताजी मेथी मिळाली!' भाजी खरंच सुकलेली असेल तर भाव जरूर करावा. ताजीला सुकलेली म्हणणं मात्र अंगठा आत घालण्यातलंच.

वर दोन मिरच्या, चार काड्या कोथिंबीर मागताना आपल्याला शीग बरोबर आठवते. लूकमधल्या त्या वचनाची सुरुवात मात्र 'द्या' पासून आहे. शेजारच्यांचा डबा परत करताना तळाशी चार करंज्या ठेवतो, तेवढ्याच सहजपणे भाजीवालीकडचे उरलेले तीन रुपये 'राहू द्या मावशी' म्हणून सोडता येतात.