पार्टटाइम पीएचडीची एनओसी: माझा अनुभव

पेटची, म्हणजे पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी कशी केली, मुलाखतीत काय विचारलं, गाईड कसे मिळाले हे ज्यांना हवंय त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी गाठावं. माझं ते सगळं सुरळीत पार पडलं, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. डोक्यात अजून खदखदतंय ते संस्थेचं ऑफिस आणि तिथून काढलेली एक पानी एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र. संस्थेचं नाव लिहीत नाही. कोल्हापुरात संस्था पुष्कळ आहेत आणि माझा पगार त्यातल्याच एकीतून होतो.

मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. घराचे हप्ते चालू असताना नोकरी सोडून फुलटाइम पीएचडी करणं शक्यच नव्हतं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पार्टटाइमची सोय आहे. अट एवढीच की जिथं नोकरी करता तिथल्या सक्षम अधिकाऱ्याची एनओसी हवी आणि तीत तीन गोष्टी हव्यात. एक, पार्टटाइम शिकायला परवानगी आहे. दोन, नोकरीतलं काम बघता संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल. तीन, गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल.

ऑफिसनं आधी दिलं ते एका ओळीचं पत्र: 'सदर कर्मचाऱ्यास पीएच.डी. करण्यास संस्थेची हरकत नाही.' विद्यापीठात प्रवेशाच्या टेबलावरून ते तिथल्या तिथं परत आलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग तिन्ही मुद्दे टाइप करून मसुदा मीच नेऊन दिला. इथून पुढं रामायण.

"म्हणजे तुम्हाला काम कमी आहे असं आम्हीच लिहून द्यायचं?" सचिवांनी दुसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, सर, हे नियमातलं आहे. तर म्हणे, "नियम त्यांचा, लेटरहेड आमचं." फाईल मीटिंगपुढं ठेवायचं ठरलं. मीटिंग नवरात्रामुळे पुढं गेली, मग कुणाच्या तरी घरच्या लग्नामुळे, मग युनिट टेस्ट आली. दर वेळी ऑफिसातले क्लार्क भाऊसाहेब मान वर न करता सांगायचे, "साहेब नाहीत ओ मॅडम आज. बसा की, येतीलही." कॉलेज सुटल्यावर मी त्या बाकावर जाऊन बसायचे. शिपाईमामा चहा आणून द्यायचे, ते तेवढं बरं होतं.

त्या बाकावर मी मोबाईलवर शुजी नाकामुरांचं सगळं चरित्र वाचून काढलं. बारावीला सेमिकंडक्टरचा धडा शिकवताना निळ्या एलईडीपाशी हे नाव येतंच. 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना इसामू आकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्याबरोबर मिळालं. पण मला धरून ठेवलं ते त्यांच्या पीएचडीच्या गोष्टीनं. माणूस टोकियोचा नाही. तोकुशिमासारख्या आडगावच्या विद्यापीठातून 1979 मध्ये एम.ई. झाला, आणि घरच्यांसाठी तिथंच, निचिया या फॉस्फर (चमकणारी पावडर) बनवणाऱ्या कंपनीत चिकटला. 1988 मध्ये कंपनीनं फ्लोरिडाला एमओसीव्हीडी शिकायला पाठवलं, म्हणजे वायूंपासून स्फटिकाचे पातळ थर चढवायचं तंत्र. नावापुढं डॉक्टर नाही, छापलेला पेपर नाही, म्हणून तिथं त्यांना टेक्निशियनसारखं वागवलं. हे वाचताना माझ्याच कानाखाली गरम झालं. आमच्या स्टाफरूममध्येही 'डॉक्टर' आणि 'नुसत्या मॅडम' अशा दोन रांगा आहेत.

तेव्हा जपानमध्ये विद्यापीठात नाव न घालता, छापलेल्या पेपरांच्या जोरावर डॉक्टरेट मिळायची. ना पेट, ना कोर्सवर्क. म्हणून त्यांनी निळ्या एलईडीसाठी गॅलियम नायट्राइड हा पदार्थ धरला, कारण सगळं जग झिंक सेलेनाइडच्या मागं होतं आणि नायट्राइडवर पेपर काढायला मैदान मोकळं होतं. मोकळं का, तर नीलमणीवर वाढवलेल्या त्या थरात दोष इतके असायचे की यातून उजेड पडेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. नाकामुरांनी रिॲक्टर स्वतःच्या हातानं बदलला. वरून वायूचा दुसरा झोत सोडून पहिल्याला तबकडीवर दाबून धरला आणि थर नीट बसायला लागला. पुढं 1992 मध्ये त्यांनी दाखवलं की मॅग्नेशियम घातलेला थर नायट्रोजनमध्ये 700 अंशांच्या वर तापवला की अडकलेला हायड्रोजन निघून जातो आणि पी-टाइप, म्हणजे एलईडीला लागणारा धन बाजूचा थर, तयार होतो. 1993 च्या शेवटी झगझगीत निळा एलईडी जाहीर झाला, 1994 मध्ये डॉक्टरेट. मधल्या काळात संस्थापकांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी चिठ्ठ्या पाठवून हे काम थांबवायला सांगितलं होतं, आणि कंपनीत पेपर छापायला बंदी होती. त्यांनी चिठ्ठ्या बाजूला सारल्या आणि पेपर गुपचूप पाठवले. थोडक्यात, एनओसी मागितलीच नाही! मला ती चैन नव्हती. (शोधाबद्दल बक्षीस मिळालं 20 हजार येन. नंतर कोर्टकचेरी होऊन 2005 मध्ये तडजोड झाली ती सुमारे 84 कोटी येनांवर.)

माझी गाडी हलली ती भाऊसाहेबांमुळे. एकदा स्वतःच म्हणाले, "मॅडम, साहेबांना भीती तासांची हाय. खाली एक ओळ घाला की, कार्यभारात कपात होणार नाही म्हणून." ती ओळ घातली, आठवड्याचं टाइमटेबल जोडलं, प्राचार्यांच्या सहीचं शिफारसपत्र लावलं आणि नियमाचं पान पिवळ्या पेननं रंगवून वर ठेवलं. सही झाली. ही ओळ त्यांना आधीच सुचत होती का, हे मी विचारलं नाही. उत्तर ऐकून आणखी चिडले असते.

सहीनंतरही थांबा. जावक क्रमांक नसेल तर ते पत्र म्हणजे कोरा कागदच. जावक रजिस्टर कपाटात, कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या बाईंकडे. शिक्का मारला तो नेमका सहीवर, जांभळी शाई पसरली आणि सचिवांचं नाव वाचता येईना. मी तिथंच उभं राहून दुसरी प्रत काढायला लावली. तुम्हीही लावा, लाजू नका.

हे आधी सांगायला हवं होतं: मसुदा युनिकोडमध्ये नेऊ नका. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी हे जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर असतं. तिथं टाइप करून घ्या आणि सोबत पीडीएफही ठेवा. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत न्या, तीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. आणि पेटचा निकाल लागायची वाट न बघता एनओसीच्या मागं लागा, कारण प्रवेशाची मुदत कुणाच्या घरच्या लग्नासाठी थांबत नाही.

आता संशोधनात स्प्रे पायरोलिसिसनं, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून, झिंक ऑक्साइडच्या थिन फिल्म (पातळ थर) करायच्या आहेत. कोर्सवर्क लवकरच सुरू होईल. परवा कळलं की एनओसीतल्या तिसऱ्या मुद्द्यासाठी रजेचा वेगळा अर्ज लागतो. तो आज देऊन आले, पोच घेतली. साहेब नव्हते.